सराफ्यातली लाल वडी

जबलपूरच्या सराफ्यात दुपारी गिऱ्हाईक तुरळक. काका पाटली उजळत होते, बारावीतली पुतणी शेजारी बसून बघत होती.

पुतणी : काका, पाटली पिवळीधमक, पण तुमची बोटं लाल! ही वडी कसली?

काका : रूज. म्हटलं तर लोखंडाचा गंजच, फेरिक ऑक्साइड. सोन्याहून कठीण, पण इतकं बारीक की ओरखडा दिसत नाही, झळाळी दिसते.

पुतणी : मग खिळ्यावरचा गंज खरवडला तर?

काका : पाटलीची वाट लागेल. त्यात पाणी असतं, शिवाय कण ओबडधोबड. रूजसाठी हिराकस भाजतात. हिरवे खडे आधी पाणी सोडून पांढुरके पडतात, आणखी तापले की गंधकाचा धूर सोडतात आणि लाल भुकटी उरते. तो धूर घशाला झोंबतो, घरी नको करूस. त्यापेक्षा हे बघ.

काकांनी चमच्यात चिमूटभर रामरज घेतली, म्हणजे पिवळी माती, आणि फुंकणीने ज्योत खालून लावली.

पुतणी : अय्या, कडेकडेनं लाल होत चाललीय!

काका : पिवळा रंग गोएथाइटचा. त्यात पाणी बांधलेलं असतं. ३०० अंशांच्या आसपास ते सुटतं आणि हेमेटाइट, म्हणजे तोच लाल फेरिक ऑक्साइड, उरतो. शुद्ध गोएथाइट असेल तर १० तोळ्यांमागे १ तोळा वाफ होऊन जातो. उरला तो आपला गेरू. जुन्या झाळीवर त्याचा लेप दिला की नवी झाळ देताना जुनी सुटत नाही.

पुतणी : यावर पाणी घातलं तर परत पिवळी?

काका : घाल की.

पुतणी : ...नुसता लाल चिखल.

काका : भिजणं वेगळं, बांधलं जाणं वेगळं.

पुतणी : आणि लोखंडाचा काळा ऑक्साइड?

काका : लाल भुकटीत कोळशाची पूड मिसळून झाकलेली मूस तापवायची. कोळसा थोडा ऑक्सिजन ओढून घेतो, मॅग्नेटाइट होतो. लोहचुंबकाला चटकन चिकटतो. तोच उघड्या हवेत चांगला तापव, पुन्हा लाल. हा रस्ता दुतर्फी. कोळसा नि आच वाढवत नेली तर शेवटी लोखंडच. खनिज आपल्या सिहोऱ्याकडेही निघतं. व्हेरियर एल्विनने १९४२ साली ज्यांच्यावर पुस्तक लिहिलं, ते अगरिया आदिवासी मातीच्या भट्टीत हेच करायचे, पायाने भाते दाबत.

पुतणी : पाटलीच्या नक्षीत लाल राहिलंय.

काका : कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश. काट्यावर ठेवण्याआधी धू हं, नाहीतर गंज सोन्याच्या भावाने विकल्याचं पाप माझ्या माथी!