काउंटी जत्रेच्या हंगामातील गृहिणी मंडळांचे कार्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ग्रामीण भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ हा काउंटी जत्रांचा हंगाम होय. काउंटी हा तेथील राज्यकारभाराचा घटक असून विस्ताराने तो पुष्कळ ठिकाणी आपल्याकडील तालुक्याच्या जवळपास जातो. इंडियाना राज्यात अशा ९२, आयोवात ९९ व केंटकीत १२० काउंट्या आहेत. या जत्रेला देवस्थान नसते. जनावरांचे प्रदर्शन, धान्य व भाजीपाल्याची स्पर्धा, पाळणे, खाण्याची दुकाने आणि सायंकाळची करमणूक असे तिचे स्वरूप असते. मैदानाच्या एका बाजूस गृहविभागाची इमारत असते. तेथे पाव, केक, बरण्यांतील फळे व भाज्या, शिवलेले कपडे आणि गोधड्या मांडलेल्या असतात. या इमारतीतील पुष्कळसे काम पिढ्यान्‌पिढ्या गृहिणी मंडळांनी सांभाळले आहे. जत्रा पाहावयास आलेल्या पाहुण्याला हा सारा हौसेचा भाग वाटतो. वस्तुतः मंडळात वर्षभर जे शिकविले गेले त्याची ही जाहीर परीक्षा असते आणि काही वस्तूंच्या बाबतीत तीत जिवाचा प्रश्न गुंतलेला असतो.

या जत्रांचा प्रारंभ मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड या गावी झाला असे सामान्यतः मानतात. तेथे एल्काना वॉटसन या गृहस्थांनी १८०७ मध्ये मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या सार्वजनिक चौकात लोकांना पाहण्यासाठी ठेवल्या व पुढे १८१० मध्ये जनावरांचे प्रदर्शन भरविले. घरी विणलेल्या कापडासाठी स्त्रियांना बक्षिसे देण्याची प्रथाही त्यांनी लवकरच सुरू केली. परंतु बक्षीस घेण्यासाठी चारचौघांत यावयास स्त्रिया तयार होईनात. तेव्हा वॉटसन यांच्या पत्नी स्वतः सभागृहात येऊन बसल्या, तसा निरोप घरोघरी धाडण्यात आला आणि मग इतर स्त्रिया आल्या. ग्रामीण स्त्रीचे काम चार भिंतींच्या बाहेर मांडणे ही गोष्ट तेथेही आपोआप घडली नाही, हे यावरून दिसते.

मंडळांची रचना पुष्कळ नंतरची. दक्षिण कॅरोलायना राज्यातील एकन काउंटीत मेरी क्रोमर या शिक्षिकेने १९१० मध्ये मुलींचे टोमॅटो मंडळ काढले. प्रत्येक मुलीने एकराचा दहावा भाग, म्हणजे सुमारे चार गुंठे जमीन लावावयाची आणि आलेले टोमॅटो डबाबंद करून विकावयाचे, अशी ती योजना होती. मुलींच्या मागोमाग त्यांच्या आयाही शिकू लागल्या. ८ मे १९१४ रोजी स्मिथ-लीव्हर कायदा मंजूर झाला व त्यान्वये मध्यवर्ती सरकार, राज्याचे कृषि महाविद्यालय आणि काउंटी यांच्या सहकार्याने विस्तार सेवा उभी राहिली. शेतकऱ्यासाठी जसा कृषि अधिकारी, तशी गृहिणीसाठी गृहप्रात्यक्षिक अधिकारी नेमण्यात येऊ लागली. मंडळांची राष्ट्रीय संघटना १९३६ मध्ये स्थापन झाली. १९९२ पासून तिच्या नावात कुटुंब व समाज शिक्षण हे शब्द आले.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णी गृहिणींची मंडळे व त्यांच्या अधिकारी वेगळ्या ठेवण्यात येत. त्या अधिकाऱ्यांना वेतन कमी मिळे, साधनेही कमी मिळत. कित्येक ठिकाणी जत्राही निरनिराळ्या भरत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर ही विभागणी सरकारी रीतीने मोडली.

वर्षाचा धडा आणि हंगामाची तयारी

मंडळाची सभा बहुधा महिन्यातून एकदा होते. प्रत्येक मंडळातून एक-दोन भगिनी काउंटीच्या कार्यालयात जाऊन ठरलेला धडा शिकून येतात व आपल्या मंडळात तो इतरांना शिकवितात. एका अधिकाऱ्याला शंभर घरी जाणे शक्य नसते, ते काम या रीतीने होते. शिकविणारी बाई शेजारचीच असल्यामुळे प्रश्न विचारण्याचा संकोचही राहत नाही.

हंगामापूर्वी काही महिने बक्षिसांची पुस्तिका निघते. वर्ग कोणते, प्रत्येक वर्गात काय व किती ठेवावयाचे, बरणी कोणत्या मापाची, तुकडे किती, हे सर्व तीत दिलेले असते. वस्तू स्पर्धकाने स्वतः केलेली असावी आणि बरण्यांतील पदार्थ मागील जत्रेनंतर तयार केलेला असावा, अशीही अट बहुधा असते. नवख्या भगिनी पुस्तिका न वाचताच वस्तू आणतात आणि सहाऐवजी पाच मफिन ठेवल्यामुळे बाद होतात. म्हणून मंडळातील अनुभवी सभासद वसंत ऋतूतील एक सभा पुस्तिकेच्या वाचनासाठीच राखून ठेवतात. बक्षिसाची रक्कम थोड्या डॉलरांचीच असते. तेवढ्यासाठी कोणी इतके कष्ट घेत नाही.

बरणीची परीक्षा

गृहविभागात सर्वांत काळजीने तपासावयाची वस्तू म्हणजे बरणीत हवाबंद केलेले अन्न. फळे, जॅम व जेली हे पदार्थ आंबट असल्यामुळे त्यांच्या बरण्या उकळत्या पाण्यात ठरावीक वेळ बुडवून ठेवल्या म्हणजे पुरते. घेवडा, मका, गाजर, मांस यांचे तसे नाही. यांत आम्लता अल्प असते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. बरणीत हवा नसते, आम्ल नसते, आणि ती फडताळात महिनोन्‌महिने राहते. अशा जागी ते बीजाणू उगवतात व विष तयार करतात. या विषाने स्नायू लुळे पडतात आणि श्वास बंद होऊन मृत्यू येऊ शकतो. बरणी वरून निर्दोष दिसत असतानाही आत विष असू शकते, ही यातील भयंकर गोष्ट होय.

यावर उपाय उष्णतेचा आहे. दाबाखाली वाफेचे तापमान सुमारे ११६ अंश सेल्सिअसपर्यंत नेले व ते नेमलेला वेळ टिकविले, तर हे बीजाणू नष्ट होतात. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंतच्या जागी, वजनाचा दाबमापक असलेल्या भांड्यात घेवड्याची पाइंट मापाची बरणी १० पौंड दाबाखाली २० मिनिटे व क्वार्ट मापाची २५ मिनिटे ठेवावी लागते. जागा याहून उंच असेल तर दाब वाढवावा लागतो. हे काम बरण्यांसाठी मुद्दाम बनविलेल्या मोठ्या दाबपात्रात करावयाचे असते. आपल्या स्वयंपाकघरातील लहान प्रेशर कुकर लवकर तापतो व लवकर निवतो. त्यामुळे या वेळा त्याला लावता येत नाहीत, हे वाचक भगिनींनी ध्यानात ठेवावे.

जत्रेच्या पुस्तिकेत म्हणून बरणीवरील चिठ्ठीबद्दल कडक नियम असतो. पदार्थाचे नाव, तो कच्चा भरला की शिजवून, पाण्यात उकळला की दाबाखाली, दाब किती, मिनिटे किती आणि तारीख कोणती, हे सर्व चिठ्ठीवर लिहावे लागते. घेवड्याच्या शेंगा कितीही हिरव्यागार व एकसारख्या उभ्या भरलेल्या असोत, चिठ्ठीवर ‘पाण्यात तीन तास उकळला’ असे लिहिलेले आढळले की जाणता परीक्षक ती बरणी बाजूला काढतो. तो ती चाखूनही पाहत नाही. आजीच्या वेळेपासून घरात हीच रीत चालत आली आणि कोणाला काही झाले नाही, असे उत्तर अशा वेळी हमखास मिळते. त्या घरात काही झाले नाही हे खरे असेल. पण निळी फीत लावलेली बरणी शेकडो स्त्रिया पाहतात आणि तशीच करावयास घेतात. चुकीच्या बरणीला दिलेले बक्षीस हा चुकीचा धडा ठरतो, म्हणून येथे भीड ठेवून चालत नाही.

अमेरिकन कृषि खात्याने घरगुती डबाबंदीची संपूर्ण मार्गदर्शिका १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. तीत पूर्वीच्या कित्येक रीती बदलल्या. टोमॅटो आंबट समजला जातो, परंतु त्याची आम्लता सुरक्षिततेच्या सीमारेषेवर असते; म्हणून क्वार्ट बरणीत बाटलीतील लिंबाचा रस दोन मोठे चमचे घालावा असे ठरले. ताज्या लिंबाचा रस कमीअधिक आंबट निघतो, बाटलीतील रसाची आम्लता कायम असते, हे त्याचे कारण. जेलीवर मेण ओतून तोंड बंद करण्याची जुनी पद्धतही आता स्वीकारली जात नाही; मेणाला सूक्ष्म फटी पडतात व आत बुरशी धरते. जुन्या सभासदांना हे बदल पचनी पडले नाहीत, तर नवल नाही. चाळीस वर्षे फिती मिळविलेल्या गृहिणीला तिची बरणी का नाकारली हे सांगणे नाजूक काम असते. ते बाहेरच्या अधिकाऱ्यापेक्षा मंडळातील मैत्रीण अधिक चांगले करते.

पाव, जेली आणि गोधडी

इतर वस्तूंत जिवाचा धोका नसतो, पण परीक्षकाची नजर तितकीच बारीक असते. मफिन उभा कापला आणि आत उभी भुयारे दिसली, वर टोक आलेले असले, म्हणजे पीठ वाजवीपेक्षा अधिक ढवळले गेले असे समजावे. जेली बरणीतून काढल्यावर आकार धरून राहावी, पण थरथरावी. द्राक्षाच्या जेलीत काचेसारखे कण लागले, तर रस रात्रभर थंड जागी ठेवून वरचा निवळ घेतला नाही, म्हणून त्यात टार्टरेटचे खडे राहिले असा त्याचा अर्थ होतो. फळे पाकावर तरंगत असली तर पाक फार दाट झाला असेल किंवा फळे कच्ची भरली असतील.

तेथील गोधडी आपल्या गोधडीप्रमाणेच वरचे कापड, मधला भर आणि अस्तर अशा तीन थरांची असते. टाके एकसारखे आहेत काय, कोपरे काटकोनात आहेत काय, काठाची पट्टी आतून भरीव आहे काय, आखणीच्या खुणा राहिल्या आहेत काय, हे पाहिले जाते. रंगसंगतीकडे प्रेक्षकांचे लक्ष प्रथम जाते. परीक्षक मात्र आधी गोधडी उलटी करतो.

वस्तूवरील चिठ्ठी दुमडून स्पर्धकाचे नाव झाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. लहान काउंटीत सर्वजण एकमेकींना ओळखतात, तेव्हा ती आवश्यकच म्हटली पाहिजे. निवाड्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत वस्तूंची आपसांत तुलना करून पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देतात. दुसरीला डॅनिश पद्धत म्हणतात. तीत प्रत्येक वस्तू ठरलेल्या मानाशी ताडून पाहतात; त्या मानास उतरतील त्या सर्वांना निळी फीत मिळते, त्याहून उणे असेल त्यांना लाल, आणि त्याखालील वस्तूंना पांढरी. मुलांच्या फोर-एच मंडळांत डॅनिश पद्धत विशेष प्रचलित आहे. तेथे परीक्षक कित्येकदा मुलाला समोर बसवून वस्तूचे गुणदोष समजावून देतो. शिक्षणाच्या दृष्टीने हीच पद्धत श्रेष्ठ होय. केवळ फीत टाचून निघून जाणारा परीक्षक कितीही निष्पक्षपाती असला तरी पांढरी फीत मिळालेली बाई काहीच न शिकता घरी जाते.

खाण्याचे दुकान

जत्रेत मंडळे खाण्याचे दुकानही चालवितात. घरी भाजलेले पाय, सँडविच, कॉफी असे साधे पदार्थ तेथे मिळतात. पाळ्या लावणे, आरोग्य खात्याचे नियम पाळणे आणि हिशोब ठेवणे हे सर्व सभासद विनावेतन करतात. मिळकतीतून होतकरू मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. केंटकीतील गृहिणींच्या संघटनेने १९७७ पासून सभासदांच्या देणग्यांतून केंटकी विद्यापीठातील अंडाशयाच्या कर्करोगाविषयीच्या कार्यास साहाय्य केले आहे. तथापि या दुकानाचा भार पुष्कळदा चारपाच जणींवरच पडतो, आणि नोकरी करणाऱ्या तरुण स्त्रिया मंडळात कमी येऊ लागल्यापासून तो वाढला आहे. सभासदसंख्या घटल्यामुळे काही ठिकाणी दुकान बंद करून फक्त गृहविभाग सांभाळावयाचा असा निर्णय मंडळांना घ्यावा लागला आहे. दोहोंपैकी एकच राखावयाचे असेल तर हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

आपल्या देशाशी या पद्धतीचा संबंध जुना आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी भारतात सामूहिक विकास योजना सुरू झाली, तिला अमेरिकेचे साहाय्य होते. पुढे ग्रामसेविका व महिला मंडळे यांच्यामार्फत घरकामाचे शिक्षण खेड्यात नेण्याचा जो प्रयत्न झाला, त्यात प्रात्यक्षिकाने शिकविण्याचे हेच सूत्र होते.

जत्रा संपल्यावर

शेवटच्या दिवशी वस्तू परत नेण्यासाठी ठरावीक वेळ असते. उन्हाळ्यात दिव्यांखाली आठवडाभर राहिलेल्या बरण्यांची झाकणे घट्ट आहेत की नाहीत हे घरी गेल्यावर प्रथम पाहावे, आणि सैल झालेली बरणी न चाखता टाकून द्यावी, असे सांगण्यात येते. परीक्षकांचे शेरे लिहिलेले कागद गृहविभागाच्या प्रमुख भगिनी एकत्र करतात. एकाच वर्गातील अनेक बरण्यांत वरची मोकळी जागा चुकीची सोडलेली आढळली, तर तो एकेकीचा दोष न मानता धड्यातील उणीव मानतात. जॅमसाठी पाव इंच, फळांसाठी अर्धा इंच आणि दाबाखालील भाज्यांसाठी बहुधा एक इंच, हे माप मग पुढील वर्षीच्या पहिल्या सभेत पट्टी व रिकामी बरणी समोर ठेवून पुन्हा शिकविले जाते. पुस्तिकेतील ज्या नियमाचा अर्थ अनेकींनी निरनिराळा लावला, तो नियम नव्याने लिहून हिवाळ्यापूर्वी जत्रेच्या समितीकडे पाठविण्यात येतो.