आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४३



काल लेकीच्या पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, पात्र व्हायला दोन्हींत ४० टक्के हवेत. दुसऱ्या पेपरात, बुद्धिमत्ता चाचणीनं, दगा दिला. मी पहिलं काय विचारलं? "बाकीच्यांना किती?" ती गप्पच, आत निघून गेली.

रात्री सहावा अध्याय काढला. अर्जुन विचारतो, श्रद्धा आहे पण मन ढळलं, योग साधलाच नाही, त्याचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का? उत्तर देताना भगवंत त्याला 'तात' म्हणतात. तात म्हणजे वडील. पण लाडानं लेकरालाही म्हणतात, आपण "अरे बाबा" म्हणतो तसं. आणि सांगतात, भलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. पुढच्या जन्मी आधीची बुद्धी परत मिळते, प्रयत्न तिथून पुढे सुरू होतो. तिकडे जन्म ओलांडून भरवसा, आणि माझा एका पेपरात संपला!

सकाळी वेणी घालताना म्हटलं, "बाळा, काल मी चुकले."

जरा वेळानं ती म्हणाली, "आई, ते आरशातलं घड्याळ मला अजून कळत नाही गं."

भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. दोघी आरशासमोर बसलो.