केमो चालू आहे? मग शेक देण्याआधी थांबा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. तिथल्या एका ताईंची केमो चालू आहे. त्यांच्या तळपायाला पट्टी दिसली. विचारलं तर म्हणाल्या, "पायाला मुंग्या येत होत्या, म्हणून सुनेने वीट तापवून फडक्यात गुंडाळून दिली. मला तर कोमटच लागली. सकाळी बघते तर हा एवढा फोड!"

सून बिचारी रडवेली झाली होती. पण चूक तिची नाही. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आजचा हा पाठ.

असं का होतं?

चटका बसला हे मेंदूला कळवायचं काम नसा करतात. पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन अशी केमोची काही औषधं या नसांनाही इजा करतात. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून मुंग्या, जळजळ, बधिरपणा बहुतेक वेळा आधी पायाला आणि मग हाताला येतो. बधिर पायाला गरम कळत नाही, पण कातडी भाजायची ती भाजतेच. त्यात केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील, तर छोटा फोडही चिघळू शकतो.

हा त्रास केमो संपल्यावरही कित्येक महिने राहू शकतो.

काय करायचं?

१. बधिर हातापायांना वीट, गरम पाण्याची पिशवी, शेकोटी यांचा शेक देऊ नका.
२. अंघोळीचं पाणी बधिर हाताने बघू नका. कोपर बुडवून बघा, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगा.
३. तवा-पातेलं उतरवताना सांडशी आणि जाड फडकं वापरा. अनवाणी फिरू नका.
४. रोज रात्री तळपाय बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा.
५. भाजलंच तर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट लावू नका, फोड फोडू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि मुंग्या येतात हे डॉक्टरांना सांगाच. "एवढ्याशा गोष्टीसाठी काय सांगायचं" म्हणून गप्प बसू नका. ते औषधाचा डोस कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. मनाने मात्र केमो बंद करायची नाही.

पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की हा पाठ मोठ्याने वाचा. केमो घेणारी ताई गटात असेल, तर तिच्या सुनेला, लेकीलाही बोलवा. शेक देणारे हात त्यांचेच असतात.