कुमार कबड्डी : वजनकाटा आणि पंचाची शिट्टी

दिवाळी सरून हवेत गारवा आला, की विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत चौकाचौकांत कबड्डी स्पर्धांचे फलक लागू लागतात. पहिले बक्षीस किती रुपयांचे, चषक किती उंच, उद्‌घाटनास कोण येणार, याची चर्चा भरपूर होते. मात्र खेळणारी पुष्कळशी मुले सोळा-अठरा वर्षांची असतात आणि त्यांची हाडे अजून पुरती भरलेली नसतात, हे फारसे कोणी बोलत नाही. गेली दोन वर्षे उल्हासनगर-अंबरनाथकडच्या अशा स्पर्धांत मी सहाय्यक गुणलेखक म्हणून टेबलापाशी बसतो. तेथून जे दिसले ते आणि नियमपुस्तिकेत जे वाचले ते, यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे.

कबड्डीत अंगाला अंग भिडते, म्हणूनच तिच्या नियमांत खेळाडूच्या शरीराची काळजी आहे. नखे बारीक कापलेली हवीत, अंगाला तेल वा कोणताही निसरडा पदार्थ चालत नाही, दागिने चालत नाहीत. (हातातले कडे दागिन्यात येते की नाही, यावर मी अर्धा तास वाद ऐकला आहे. ते समोरच्याच्या भुवईवर बसले म्हणजे कळते.) चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून त्याचा दम तोडणे, गळा आवळणे, केस किंवा कपडे धरून ओढणे, मुद्दाम मैदानाबाहेर ढकलणे, पायांची कैची घालणे, हे सारे निषिद्ध आहे. कैचीवर बंदी का, ते जरा समजून घेण्यासारखे आहे. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याचा एक पाय जमिनीत रोवलेला असतो आणि धड पुढे गेलेले असते. अशा वेळी तो पाय दोन्ही बाजूंनी अडकला, तर सारा भार गुडघ्यावर पिळतो आणि आतले लिगामेंट तुटू शकते. त्याची शस्त्रक्रिया व पुढचे कित्येक महिने आमच्यासारख्या घरांना परवडणारे नसतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आई निकाल नंतर विचारते, आधी म्हणते, "हातपाय शाबूत आहेत ना?"

परंतु मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वजनाचा नियम. कुमार गटासाठी वय वीस वर्षांपर्यंत आणि वजन मुलांना 70 किलो, मुलींना 65 किलो, अशी मर्यादा ठरलेली आहे. पुष्कळांना ही केवळ बरोबरीची अट वाटते. प्रत्यक्षात ती सुरक्षिततेची अट आहे. पन्नास किलोच्या पोरावर ऐंशी किलोचा कोपरारक्षक कोसळला, तर पकड कितीही शुद्ध असो, इजा व्हायची ती होतेच. अन् नेमकी हीच अट सर्वांत आधी वाकवली जाते. काटा "बिघडलेला" असतो, किंवा पाहुण्यांना उशीर झाला म्हणून वजने घेणेच राहून जाते. वयाच्या दाखल्यांचीही तीच गत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे अधिकृत स्पर्धेच्या प्रमाणपत्राला मोल आहे, आणि मोल आले की लबाडीही मागोमाग येते.

याची दुसरी बाजू अधिक वाईट आहे. वजन प्रामाणिकपणे घेतात तेथे एक-दोन किलो जास्त असलेली मुले दोन दिवस जेवत नाहीत, पाणी तोडतात, रेनकोट घालून धावतात. काटा पार होतो आणि उत्तरार्धात त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. या बाबतीत प्रशिक्षकाने मुलाला सरळ "या वर्षी नाही" म्हणावे, असे माझे मत आहे.

संयोजकांचे वर्तन हाही नियमांचाच भाग मानला पाहिजे. 22 मार्च 2021 रोजी तेलंगणातील सूर्यापेट येथे राष्ट्रीय कुमार कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांसाठी उभारलेली तात्पुरती गॅलरी कोसळून शंभरावर लोक जखमी झाले. सप्टेंबर 2022 मध्ये उत्तर प्रदेशात सहारनपूरला सतरा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत खेळाडूंचे जेवण स्वच्छतागृहात ठेवलेले आढळले. आपल्याकडील बांबूच्या गॅलरीवर किती माणसे चढतात ते अंतिम सामन्याच्या रात्री कोणीही मोजून पाहावे.

मैदानावर मात्र सारी भिस्त पंचांवर असते. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून बाद. पिवळे कार्ड दाखवताच मागून आवाज येतो, "अहो सर, कबड्डी आहे, कॅरम नाही!" ज्याच्या वर्गणीवर मंडप उभा आहे तोच असे ओरडत असेल, तर मानधनावर आलेल्या पंचाचा हात खिशातच राहतो. अशा वेळी संयोजकाने पंचाच्या पाठीशी उभे राहावे, एवढी साधी गोष्ट मी दोन वर्षांत एकदाच पाहिली. त्या रात्री मंडळाच्या अध्यक्षाने स्वतः माइक घेऊन आपल्याच कार्यकर्त्याला खाली बसवले आणि सामना शांतपणे संपला.

मुलींच्या सामन्यांबद्दल पुस्तिकेबाहेरची एक सूचना करावीशी वाटते. त्यांचे सामने पुरुषांच्या सामन्यांनंतर ठेवले जातात आणि बदलापूरच्या मुलींना शेवटच्या लोकलच्या धास्तीत चढाया कराव्या लागतात. ते सामने संध्याकाळी सहालाच सुरू करावेत, कपडे बदलायला बंद खोली द्यावी आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका थेट मैदानापर्यंत येईल एवढी वाट खुर्च्या मांडण्यापूर्वीच मोकळी सोडावी.