हमिंगचा माग

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तिची दुप्पट १०० हर्ट्झ. हा स्वर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर येतो. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याच्या षड्जापासून मोजल्यावर हा स्वर तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली पडतो. आता अशा गायकाची मालकंसाची तबकडी लावा. मालकंसात तीव्र मध्यम नाही आणि पंचमही नाही. आलापी सुरू झाली आहे, तानपुऱ्याची पहिली तार मध्यमावर लावलेली आहे, आणि तिच्या शेजारी हा परका स्वर पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड चालू आहे. घरी बांधलेल्या माझ्या पहिल्या फोनो प्रीअँपमधून मी कितीतरी दिवस मालकंस असाच ऐकला.

जुन्या रेकॉर्डला एवढी घरघर चालायचीच, असं सांगणारे खूप भेटले. मला ते अजिबात पटत नाही. टिकटिक आणि खरखर तबकडीची असते; तिच्यावरच्या धुळीची, ओरखड्यांची, वयाची. हमिंग आपल्या डब्याचं असतं आणि ते काढता येतं.

फोनोमध्येच हा त्रास एवढा का होतो, ते आधी समजून घेतलं पाहिजे. सीडी प्लेअरमधून २ व्होल्टपर्यंत सिग्नल मिळतो. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून मिळतात ३ ते ५ मिलिव्होल्ट. ते प्रीअँपमध्ये साधारण शंभर पट वाढवावे लागतात, पण हे झालं मधल्या, १००० हर्ट्झच्या स्वराचं. रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाचा रुंद होऊन तबकडीवर संगीत मावणारच नाही. वाजवताना तो परत वाढवायचा, आणि किती वाढवायचा याचं प्रमाण १९५४ साली आरआयएए वक्राने ठरवून दिलं. त्या वक्रानुसार ५० हर्ट्झला आणखी १७ डेसिबल, म्हणजे सुमारे सात पट वाढ मिळते. शंभराचे झाले सातशे. इनपुटला ५० हर्ट्झचा १० मायक्रोव्होल्ट इतका क्षुल्लक उपद्रव शिरला तरी बाहेर ७ मिलिव्होल्ट निघतो. ज्या पट्ट्यात आपली वीज गुणगुणते, नेमक्या त्याच पट्ट्यात फोनो प्रीअँपचे कान सर्वांत तीक्ष्ण असतात.

हे माहीत नसलं की माणूस सुटे भाग बदलत बसतो. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: आयसी बदला, चांगला घाला. मी टीएल०७२ काढून एनई५५३२ घातला. पहिल्याचा स्वतःचा नॉइज १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, दुसऱ्याचा ५. फरक पडला तो मागच्या ‘सूं’ आवाजात. हमिंग होतं तसंच राहिलं, आणि ते तसंच राहायला हवं होतं, कारण ते आयसीतून येतच नव्हतं. ‘सूं’ हा भागांचा आवाज आणि हमिंग हा मांडणीचा, एवढं एक ध्यानात ठेवलं तर बरेच पैसे वाचतील.

तेव्हा डब्यावर इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, चालवण्याआधी कान लावा. दोन सुट्या आरसीए पिना घेऊन त्यांचा मधला खिळा बाहेरच्या कड्याला सोल्डर करा आणि त्या प्रीअँपच्या इनपुटला लावा. (पिना लावता-काढताना अँप्लिफायरचा व्हॉल्यूम पूर्ण खाली असू द्या.) हमिंग गेलं, तर ते टर्नटेबल, केबल किंवा कार्ट्रिज यांच्यातून येत होतं. राहिलं, तर दोष डब्यात आहे. मग डब्यातला पॉवर सप्लाय सोडवून सर्किट ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालवा. ५५३२ तेवढ्यावर सुखाने चालतो. बॅटरीवर शांतता झाली की दोषी सप्लाय. याच्या जोडीला आवाजाचा पोतही ओळखायला शिका. गोल, मऊ, खोल गुणगुण ही ५० हर्ट्झची असते; ती बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थच्या लूपमधून येते. करवतीसारखा दातेरी आवाज १०० हर्ट्झचा आणि त्याच्या वरच्या पटींचा. तो रेक्टिफायरच्या बाजूचा.

माझ्या डब्यात दोन्ही होते, आणि म्हणूनच एकेक उपाय करून काही हाती लागत नव्हतं. एक कारण दूर केलं की दुसरं झाकायला कोणी उरत नसे आणि वाटे, काहीच बदललं नाही.

मऊ हमिंगचं कारण होतं १५-०-१५चा साधा पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर. तो सर्किटसोबत एकाच डब्यात होता. मध्ये ॲल्युमिनियमचा पडदा घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा जवळजवळ अडवत नाही. तो विद्युत क्षेत्र अडवतो, ते वेगळं. लोखंडी पत्र्याचा थोडा उपयोग होतो. खरा उपयोग होतो अंतराचा, कारण ते क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने विरतं. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कंडेन्सर मी वेगळ्या डब्यात नेले, हातभर लांब ठेवले आणि तिथून तीन तारांनी डीसी आणला. दुसरा डबा नको असेल तर निदान ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या विरुद्ध कोपऱ्यात ठेवा आणि स्क्रू घट्ट करण्याआधी तो जागच्या जागी फिरवून ऐका. एका कोनात हमिंग स्पष्ट कमी होतं. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर घेतला तर बाहेर सांडणारं क्षेत्र मुळातच कमी असतं, पण तोही इनपुटला चिकटवू नका.

दातेरी आवाजाचं कारण शोधायला जास्त वेळ गेला, कारण सर्किटच्या नकाशावर ते दिसतच नाही. नकाशात ग्राउंडची खूण दहा ठिकाणी काढलेली असते आणि आपण समजतो, ती दहाही ठिकाणं एकच. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये तार असते आणि तारेला रोध असतो. आयसी जेमतेम १०-२० मिलिअँपिअर खातो, पण डायोडमधून फिल्टर कंडेन्सर भरतात ते छोट्या झटक्यांनी, सेकंदाला शंभर वेळा, आणि त्या झटक्याचं शिखर सरासरीच्या कित्येक पट असतं. शिखर १०० मिलिअँपिअर धरा, तारेचा रोध १० मिलिओहम धरा. तारेच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक पडला. कार्ट्रिजचा अख्खा सिग्नल ४ मिलिव्होल्टचा! इनपुट सॉकेटचं ग्राउंड त्याच तारेवर असेल, तर हा फरक संगीतात मिसळून सरळ वर चढतो. फिल्टर कंडेन्सर, मग बोर्ड, मग सॉकेट अशी एकच तार फिरवत नेलेली असते तेव्हा नेमकं हेच होतं.

उपाय असा. ट्रान्सफॉर्मरची मधली तार आधी दोन्ही फिल्टर कंडेन्सरांच्या मधल्या जोडावर आणा. झटके तिथल्या तिथे फिरू द्या. तिथून एकच तार पुढे काढा आणि ती ७८१५, ७९१५ या रेग्युलेटरांनंतरच्या एका बिंदूवर न्या. इनपुटचं ग्राउंड, फीडबॅकचं ग्राउंड, आउटपुटचं ग्राउंड, सगळ्यांच्या स्वतंत्र तारा त्या एका बिंदूवर यायला हव्यात. आरसीए सॉकेट डब्याच्या पत्र्याला टेकू देऊ नका. प्लॅस्टिकचा वॉशर असलेले सॉकेट मिळतात, तेच घ्या. एवढं केल्यावर माझ्याकडची करवत थांबली. एकही महाग भाग बदलावा लागला नाही.

इनपुट शॉर्ट केल्यावर शांतता आणि टर्नटेबल लावल्यावर हमिंग, असं असेल तर आधी टर्नटेबलची ती सुटी, काट्याच्या टोकाची बारीक तार पाहा. ती टोनआर्मच्या धातूला जोडलेली असते आणि प्रीअँपच्या ग्राउंड स्क्रूखाली घट्ट बसायला हवी. मग टोनआर्म हळूच तबकडीच्या कडेकडून मध्याकडे न्या. आवाज वाढत गेला तर कार्ट्रिज मोटरचं क्षेत्र पकडते आहे. आणि प्रीअँप पॉवर अँप्लिफायरवर ठेवू नका. त्याच्या पोटात केवढा ट्रान्सफॉर्मर असतो!

हमिंगशिवाय आणखी पाहुणे येतात. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. आणि ट्रान्समीटर जवळ असेल तर चक्क आकाशवाणीच्या बातम्या. यासाठी इनपुट सॉकेटलाच १०० ओहमचा रेझिस्टर ओळीत आणि त्यानंतर १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर ग्राउंडला लावा. जास्त लावू नका. केबल आणि हा कंडेन्सर यांची मिळून होणारी कपॅसिटन्स कार्ट्रिजने सांगितलेल्या मर्यादेत हवी, नाहीतर वरच्या पट्टीतला आवाज बिघडतो. रेझिस्टर मेटल फिल्मचे वापरा, इनपुटच्या ओळीत मोठा रेझिस्टर घालू नका, कोरडे सोल्डर पुन्हा वितळवा. ‘सूं’बद्दल सांगण्यासारखं एवढंच.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतलं ते. हमिंग जात नव्हतं त्या काळात मला एका अनुभवी माणसाने सांगितलं, प्लगची अर्थची पिन काढून टाका. करून पाहिलं तर खरोखर हमिंग कमी होतं, आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे. अर्थ काढून डब्याच्या पत्र्याला टेस्टर लावला तर तो पेटतो. त्या पत्र्यापासून तार जाते टर्नटेबलला आणि टोनआर्मला. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी सुई उचलणाऱ्या बोटांत २३० व्होल्ट असतील. घरात मुलं असतात, ओल्या हातांनी कोणी येतं. हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आणि तुम्ही देत असाल तर कृपा करून थांबवा.

अर्थचा लूप सुरक्षितपणे तोडता येतो. धातूचा डबा मेनच्या अर्थला नट-बोल्टने पक्का जोडा. सर्किटचं ग्राउंड त्या डब्याला थेट न जोडता १० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडा. त्या रेझिस्टरला समांतर दोन दणकट डायोड उलटसुलट लावा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. लूपमधला बारीक प्रवाह १० ओहमवर अडतो. खरा बिघाड झाला तर डायोड वाट मोकळी करतात आणि फ्यूज उडतो.

पण हे सगळं अर्थिंग खरं असेल तर. जुन्या वाड्यांत, चाळींत सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अनेकदा तारच नसते. काही ठिकाणी न्यूट्रलच तिथे जोडून दिलेली असते, आणि न्यूट्रल कुठे तुटली की डब्याच्या पत्र्यावर पूर्ण मेन येतो. म्हणून प्रीअँप बांधायला घेण्याआधी, ज्या सॉकेटवर तो चालणार आहे त्याचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही बसवून घ्या. हे होईपर्यंत डब्याचं काम थांबवा.