जुना खेळ, नवा संगणक

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे नाव आई-वडिलांना विचारून पाहा. जॉर्डन मेकनर याने तयार केलेला हा खेळ १९८९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी आला आणि पुढच्या वर्षी डॉसवर. साठ मिनिटांत तळघरातून निसटून राजकन्येला सोडवायचे, एवढीच कामगिरी. आज त्याची फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली, तर 'हे ॲप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही' असा संदेश येतो. हजारो पटींनी वेगवान यंत्राला एवढासा खेळ का झेपू नये?

कारण काय?

डॉसचे बहुतेक जुने खेळ १६ बिट पद्धतीने लिहिलेले आहेत. ३२ बिट विंडोजमध्ये असे प्रोग्राम चालवणारा एक भाग होता. ६४ बिट विंडोजमध्ये तो नाही, कारण प्रोसेसर ६४ बिट पद्धतीत चालत असताना त्या भागाला लागणारी जुनी कार्यपद्धती मिळत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. शिवाय जुने खेळ साउंड कार्डाला आणि पडद्याला थेट आज्ञा देत. आजची प्रणाली कोणत्याही साध्या प्रोग्रामला हार्डवेअरला हात लावू देत नाही. म्हणजे कमतरता ताकदीची नाही, भाषेची आहे.

उपाय

येथे दुभाषा लागतो. 'डॉसबॉक्स' हा २००२ पासून मोफत मिळणारा इम्युलेटर जुना प्रोसेसर, साउंड कार्ड आणि पडदा यांची सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब नक्कल करतो. खेळाला वाटते, आपण जुन्याच संगणकावर आहोत.

१. सी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचे फोल्डर करा आणि खेळाच्या सर्व फाइली त्यात ठेवा.
२. डॉसबॉक्स उघडून 'माउंट सी सी:\गेम्स' अशी आज्ञा द्या. (आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.) आता हे फोल्डर डॉसबॉक्ससाठी सी ड्राइव्ह झाले.
३. 'सी:' लिहून एंटर दाबा, मग 'प्रिन्स' लिहून एंटर. खेळ सुरू होईल.
४. काही खेळांची गती प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून असे. असा खेळ फार पळू लागला, तर कंट्रोल आणि एफ-११ दाबून वेग कमी करा. कंट्रोल आणि एफ-१२ ने तो वाढतो.
५. चित्र बसके दिसते? जुने ३२० × २०० ठिपक्यांचे चित्र ४:३ आकाराच्या पडद्यावर उभे ताणले जाई. सेटिंगच्या फाइलमध्ये 'ॲस्पेक्ट' चालू करा.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. तीन बदल एकदम केले, तर दोष कशाने गेला हे कधीच कळत नाही.

पालकांसाठी सूचना: खेळ जुना झाला म्हणून त्याचा स्वामित्वहक्क संपत नाही. अधिकृत प्रतच वापरा. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या फाइलींतून व्हायरस येऊ शकतो.

हे शिकायचे कशासाठी?

सैन्यदलांत यंत्रे दीर्घकाळ सेवेत राहतात. मिग-२१ हे विमान आपल्या वायुदलात १९६३ मध्ये आले आणि २०२५ मध्ये निवृत्त झाले. त्याच्या 'बायसन' आवृत्तीत जुन्या सांगाड्यात नवे रडार बसवले होते. जुने आणि नवे यांना एकमेकांशी बोलते करणे हे अभियंत्याचे रोजचे काम आहे.

दुसरे कारण जपणुकीचे. मेकनरच्या मूळ प्रोग्रामच्या फ्लॉपी अनेक वर्षे बेपत्ता होत्या. त्या त्याच्या वडिलांना सापडल्या आणि २०१२ मध्ये जाणकारांच्या मदतीने वाचता आल्या. फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद काळानुसार क्षीण होते. आणखी उशीर झाला असता, तर कदाचित काहीच हाती लागले नसते. तुमच्या घरातील जुन्या सीडींवरचे फोटो आजच नव्या डिस्कवर उतरवा.

स्वाध्याय

१. ३२ बिट विंडोजवर चालणारा डॉसचा खेळ ६४ बिट विंडोजवर का चालत नाही?
२. खेळ चालतो, पण आवाज येत नाही. कोणत्या गोष्टी, कोणत्या क्रमाने तपासाल?