एकाच दिशेने जाणाऱ्या वाहनांचे गणित

पुढे चाललेल्याला मागून निघालेला केव्हा गाठेल, हा प्रश्न शालेय पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत नेहमी आढळतो. सूत्र पाठ करून पुष्कळ विद्यार्थी त्याचे उत्तर काढतातही. परंतु त्यामागील विचार उमगला नसेल, तर प्रश्नाची शब्दरचना थोडी बदलताच ते गोंधळतात. हा विचार परीक्षेपुरता मर्यादित नाही. कामाचे नियोजन करणारा अधिकारी आणि रस्त्यावर वाहन चालविणारा प्रत्येक जण यांना त्याची गरज पडते.

मूळ तत्त्व

दोघे समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर दोघांच्या वेगांच्या बेरजेने कमी होते. दोघे एकाच दिशेने जात असतील आणि मागच्याचा वेग अधिक असेल, तर ते वेगांच्या वजाबाकीने कमी होते. म्हणून मधल्या अंतराला वेगांतील फरकाने भागले की गाठ पडण्यास लागणारा वेळ मिळतो. हा नियम आपल्याकडे फार पूर्वीपासून ज्ञात आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथातील गणितपादात तो दिलेला आहे.

शिक्षकांना हा नियम मैदानावर दाखविता येईल. चुन्याने समान अंतरावर रेषा आखून घरे पाडावीत. एका विद्यार्थ्यास दुसऱ्याच्या १० घरे पुढे उभे करावे. प्रत्येक टाळीला पुढच्याने २ आणि मागच्याने ३ घरे चालावे. दहाव्या टाळीला दोघे एकत्र येतील. तोवर पुढचा २० घरे आणि मागचा ३० घरे चाललेला असेल. प्रत्येक टाळीला अंतर ३ घरांनी नव्हे, तर केवळ १ घराने तुटते, हे मुलांना प्रत्यक्ष दिसेल.

उशिरा निघालेली जीप

साहित्य घेऊन एक मालमोटार पुण्याहून सोलापूरकडे सकाळी ६ वाजता ताशी ४० किलोमीटर वेगाने निघाली. महत्त्वाची कागदपत्रे मागे राहिल्याचे लक्षात आल्याने ७-३० वाजता एक जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने तिच्यामागे पाठविली. दीड तासात मालमोटार ६० किलोमीटर पुढे गेलेली आहे. वेगांतील फरक २० किलोमीटर. म्हणजे ३ तासांनी, १०-३० वाजता, पुण्यापासून १८० किलोमीटरवर जीप तिला गाठील.

येथे उत्तर तपासून पाहण्याची सवय लावावी. मालमोटारीचा मुक्काम १५० किलोमीटरवरच असता, तर ती ९-४५ वाजता तेथे पोहोचली असती आणि जीप १० वाजता. वाटेत गाठ पडलीच नसती. अशा वेळी जीप पाठविण्याऐवजी मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करणे शहाणपणाचे, हा निर्णय गणितच सुचविते.

लांबीचा विचार

मुंबईत जलद आणि धीम्या लोकल गाड्या शेजारच्या मार्गांवरून एकाच दिशेने धावताना दिसतात. दोन्ही गाड्या प्रत्येकी २५० मीटर लांब आणि त्यांचे वेग ताशी ७२ व ५४ किलोमीटर आहेत असे मानू. ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणले की सेकंदाला मीटर मिळतात. म्हणून हे वेग अनुक्रमे २० व १५ मीटर, आणि फरक ५ मीटर. जलद गाडीने धीम्या गाडीला पूर्णपणे मागे टाकण्यासाठी दोन्ही लांबींची बेरीज, ५०० मीटर, धरावी लागते. वेळ १०० सेकंद. परंतु जलद गाडीच्या खिडकीतील प्रवाशाला धीमी गाडी ओलांडण्यास ५० सेकंदच लागतात, कारण त्याच्यापुरती २५० मीटर ही एकच लांबी मोजावयाची असते. विद्यार्थ्यांची चूक बहुधा या ठिकाणी होते.

रस्त्यावरील कसोटी

हेच वेग दुपदरी रस्त्यावर घेऊ. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १० मीटर लांब मालमोटारीला ५ मीटर लांब जीप ताशी ७२ किलोमीटर वेगाने मागे टाकू पाहते. आधी २० मीटर आणि नंतर १५ मीटर अंतर राखावयाचे, तर एकूण ५० मीटर भरून काढावे लागतात. सेकंदाला ५ मीटर या हिशेबाने १० सेकंद लागतील. चालकाला काम ५० मीटरचे वाटते. पण त्या १० सेकंदांत जीप रस्त्यावर २०० मीटर धावलेली असते. समोरून तेवढ्याच वेगाने येणारे वाहनही २०० मीटर पुढे येते. म्हणजे किमान ४०० मीटर रस्ता मोकळा हवा. वळणावर किंवा चढाच्या माथ्याजवळ एवढा रस्ता दिसत नाही. वेगांतील फरक जितका कमी, तितका हा धोका अधिक काळ टिकतो. अशा वेळी मागे राहणे हेच योग्य.

फरक मोठा असला तरी निराळा धोका असतो. गाळप हंगामात ऊस वाहणारा ट्रॅक्टर ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, जात आहे. मागून येणाऱ्या जीपचा वेग सेकंदाला २० मीटर. रात्री दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली ६० मीटरवर आल्यावर दिसली, तर गाठ पडण्यास अवघे ४ सेकंद उरतात. ट्रॉली उभीच असेल, तर ३. तीच ट्रॉली परावर्तकामुळे १५० मीटरवरून दिसली, तर १० सेकंद मिळतात आणि जीवित वाचू शकते.

म्हणून हा पाठ फळ्यावर संपू नये. शिक्षकांनी आपल्या गावच्या रस्त्यावरील उदाहरणे वर्गात द्यावीत, आणि पंचायत सदस्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील प्रत्येक ट्रॉलीच्या मागे परावर्तक लागले आहेत ना, हे पाहावे. ४ सेकंदांचे १० सेकंद करणे गावाच्या हातात आहे.